अस्सल नक्कल

२०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी चहाबरोबर मी हिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. सेवानिवृत्तीनंतर आमच्या घरात हा प्रघात पडला आहे. मी मोठ्याने वाचतो, ही भाजी निवडते आणि ऐकत नाही. त्या दिवशीची बातमी अशी होती की, बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांची हरवलेली बेस गिटार सापडली. हॉफनर या जर्मन कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची ही गिटार त्यांनी १९६१ साली हँबुर्गला सुमारे तीस पौंडांना घेतली होती. १९७२ साली लंडनमध्ये एका व्हॅनमधून ती चोरीला गेली आणि एक्कावन्न वर्षांनी इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर मिळाली.

'माळा' हा शब्द कानावर पडताच हिच्या हातातली गवार थांबली.

"आपल्या माळ्यावर पण आहे की एक," ही म्हणाली. "ती कधी चोरीला जायची?"

वाचकहो, इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी तरुणपणी बेस गिटार वाजवत असे. आज माझ्याकडे पाहून हे कुणाला खरं वाटत नाही. तेव्हाही वाटत नसे. गिरगावात आमचा सहा जणांचा एक वाद्यवृंद होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण काही मंडळांची आगाऊ रक्कम अजून परत करायची आहे. गणपतीत, हळदीकुंकवाला, क्वचित कुणाच्या लग्नात आम्ही हिंदी चित्रपटांतली गाणी वाजवायचो. गायक व्हायला गळा लागतो, अकॉर्डियनला बोटं लागतात आणि ढोलकीला दंड लागतात. या तिन्हींपैकी काहीच नसलेला एक सभासद मंडळात होता. त्याला बेस दिला.

बेस वाजवणाऱ्याचं जिणं पंक्तीतल्या पाणी वाढणाऱ्यासारखं. तो असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. नसतो तेव्हा सगळ्यांना ठसका लागतो. गाण्याच्या तळाशी तो 'धूम धूम' जो घुमतो ना, तो बेस. प्रेक्षकांना तो ऐकू येत नाही, पोटात जाणवतो. माझ्या बाबतीत तर पुष्कळांना तो पोटदुखीसारखा जाणवे.

पण वाजवायला वाद्य हवं. १९७६ साली परदेशी बेस गिटार मिळवणं म्हणजे परवाना, जकात आणि बोटीवरचा एखादा ओळखीचा माणूस, असा त्रिवेणी संगम लागे. किंमत ऐकून आमच्या खजिनदाराने पाणी मागितलं होतं. तेव्हा ठरलं की आपणच करायची. आमच्या चाळीच्या मागच्या बोळात एक मिस्त्री होते. मूळचे राजापूर तालुक्यातले. देव्हारे, पाट, रेडिओच्या पेट्या आणि गणपतीची मखरं असं त्यांचं काम. आम्ही त्यांच्यापुढे एका रेकॉर्डच्या वेष्टणावरचा फेंडर बेसचा फोटो ठेवला. त्यांनी तो सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि विचारलं, "ह्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं?"

फोटोवरून माप घेता येईना. शेवटी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे एक गोवेकर गृहस्थ भेटले. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि बेस ही पाश्चात्त्य वाद्यं ज्यांनी वर्षानुवर्षं वाहिली, त्यात गोव्याची मंडळी आघाडीवर होती, हे जाणकारांना ठाऊक आहे. या गृहस्थांकडे खरी फेंडर होती. रविवारी चर्चमधून आल्यावर जेवणापर्यंत, म्हणजे एक तास, त्यांनी ती आम्हाला पाहू दिली. मिस्त्रींनी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, त्यावर गिटार निजवली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या कडेने रेघ ओढली. मग एका पट्टीवर पडद्यांच्या खुणा केल्या. तारेची लांबी चौतीस इंच भरली. गृहस्थ शेजारी उभे होते. आपल्या बाळाची शिंप्याने मापं घ्यावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता.

अंग सागवानाचं केलं, पाडलेल्या वाड्याच्या दाराचं. बोटं ठेवायची फळी शिसवीची. ती माझ्या आजीच्या मोडक्या पलंगाच्या पायातून निघाली. तारेखालचं चुंबक आणि त्याभोवतीचे बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आमच्या नाक्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने गुंडाळले. तो वेढे मोजत असे आणि मध्येच कुणी गिऱ्हाईक आलं की आकडा विसरत असे. रद्दीवाल्याच्या काट्यावर गिटार सहा किलोंच्या वर भरली. मूळ फेंडर साधारण चार किलोंची. म्हणजे आम्ही अमेरिकेपेक्षा दोन किलो जास्तच दिलं.

मग प्रश्न आला नावाचा. मिस्त्री भीत भीत म्हणाले, "वर डोक्यावर माझं नाव लिहू काय? बारीक लिहीन." आम्ही हसलो. फेंडरवर कुणी मिस्त्रीचं नाव लिहितं का! दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं आणि त्याच्याकडून डोक्यावर झोकदार इंग्रजी अक्षरांत 'फेंडर' लिहून घेतलं. त्याने 'ई'च्या जागी 'ए' काढला. तेव्हापासून मंडळात तिला 'फॅनडर' म्हणू लागले. प्रेक्षकांपैकी काहींना ही पंख्याची कंपनी वाटे.

मजुरी ठरली होती १४० रुपये. शंभर आगाऊ, चाळीस काम झाल्यावर.

तर ती ही गिटार. बातमीच्या दिवशी मी ती माळ्यावरून काढली नाही. मी बँकेतला माणूस. कुठलीही फाइल मागितल्याबरोबर काढत नसतो. पण चार दिवसांनी माझा भाचा पुण्याहून आला आणि प्रकरण पुन्हा उघडलं.

हा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. दिवसभर कॉम्प्युटरमध्ये असतो आणि रात्री बेस वाजवतो. तो एक गिटार घ्यायच्या बेतात होता. त्याने मला तिचा फोटो दाखवला. रंगाचे पोपडे गेलेले, कोपरा घासलेला, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाने ओरखडे काढलेले.

"सेकंडहँड आहे का रे?" मी विचारलं.

"नाही मामा, कोरी आहे. फॅक्टरीतूनच अशी येते. १९६२ सालच्या बेसची हुबेहूब नक्कल."

"आणि किंमत?"

"चार-पाच हजार डॉलर."

हिने आतून विचारलं, "पोचे पाडल्याबद्दल काही कमी नाही का करत?"

मला वाटलं होतं की, मी नकार दिला म्हणजे विषय संपेल. पण भाच्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही एवढी वर्षं वाजवलंत. सांगा, नक्कल मुळाच्या बरोबरीची होऊ शकते का?" आता मी आठ वर्षं वाजवून तीन सूर शिकलेला माणूस. पण सेवानिवृत्ताला कुणी मत विचारलं की त्याच्या अंगात इतिहासाचार्य संचारतो. मी पुस्तकं आणली, भाच्याकडून माहिती काढली, आणि महिनाभर घरात गवारीऐवजी फेंडर निवडली. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ही की, ज्याच्या नावाने एवढी पूजा चालते त्या लिओ फेंडरना गिटार वाजवता येत नव्हती. १९०९ साली कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागायतदाराच्या घरी जन्म. लहानपणी एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचं, नोकरीही हिशेबाची. आमच्याच जातकुळीतला माणूस! ती नोकरी गेल्यावर १९३८ साली त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेवटपर्यंत त्यांना गिटार सुरात लावण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागे. स्वयंपाक न येणाऱ्याने कुकर शोधावा, तसा हा प्रकार.

त्या काळी बेस म्हणजे उभा, माणसाहून उंच, लाकडी डबल बेस. अमेरिकेतले वादक त्याला थट्टेने 'कुत्र्याचं घर' म्हणत. मोटारीत ते घर बसवलं की घरमालकाला जागा उरत नसे. शिवाय ट्रंपेटच्या गदारोळात त्याचा आवाज बुडे, आणि पडदे नसल्यामुळे सूर कानाच्या भरवशावर. १९५१ साली फेंडरनी त्यावर उपाय काढला. एक सपाट फळी, तिला चार तारा, विजेवर मोठा होणारा आवाज आणि वीस पडदे. पडद्यावर बोट ठेवलं की सूर नेमका लागणारच. म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. किंमत सुमारे दोनशे डॉलर. लायनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी ती वाजवू लागले आणि लोकांनी माना वळवून पाहिलं. १९५७ साली तिचं रूप पालटलं, तेच आजपर्यंत टिकलं आहे. १९६० साली धाकटी बहीण आली, 'जॅझ बेस'.

पण ही प्रिसिजन तरी मूळ होती का? नव्हती! सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच 'ऑडिओव्हॉक्स' नावाने पडदे असलेली, आडवी धरायची विजेची बेस काढली होती. कुणी घेतली नाही म्हणून ती विस्मरणात गेली. म्हणजे अस्सल अस्सल म्हणून आपण ज्याला ओवाळतो, त्याच्याही आधी कुणीतरी एक होताच. घराण्यांचंही असंच असतं. मूळ पुरुष म्हणून ज्याची तसबीर लावतो, त्यालाही बाप असतोच.

आणि फेंडर यांची खरी करामत आवाजात नव्हती. ती चार स्क्रूंत होती. आधीचे कारागीर गिटारीची मान अंगाला सरसाने चिकटवत. मान बिघडली की वाद्य कामातून गेलं. फेंडरनी मान चार स्क्रूंनी बसवली. बिघडली? काढा, दुसरी लावा. लिओ यांच्या डोळ्यांपुढे कलाकृती नव्हतीच. आठवड्याला शेकड्यांनी निघणारी, दुरुस्तीला सोपी वस्तू होती. म्हणजे ही वस्तू जन्मापासूनच नक्कल करण्यासाठी घडवलेली! पहिल्या गिटारीची दुसरी नक्कल, दुसरीची तिसरी. मग त्यांतली अमुक तारखेपर्यंतची अस्सल आणि पुढची नक्कल, हे ठरवायचं कोणी?

ते व्यापाराने ठरवलं. जानेवारी १९६५ मध्ये लिओंनी आजारपणामुळे आपली कंपनी सीबीएस या नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, तो याहून स्वस्तात! पुढे माल बिघडला, असं वादकांचं म्हणणं पडलं. काही खरं, काही रुसवा. पण तेव्हापासून '६५ च्या आधीची' हे बिरुद झालं. आपल्याकडे 'युद्धापूर्वीचं तूप' म्हणत ना, तसं. गंमत अशी की, लिओ फेंडर स्वतः स्वस्थ बसले नव्हते. आधी म्युझिक मॅन आणि मग जी अँड एल या कंपन्यांतून ते १९९१ साली जाईपर्यंत नव्या बेस काढत राहिले आणि 'ह्या जुन्यांपेक्षा चांगल्या आहेत' असं सांगत राहिले. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. खुद्द फेंडरपेक्षा फेंडरमधलं लोकांनाच जास्त कळत होतं.

आता नकलाकारांकडे वळू. १९७०च्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या नकला काढायला सुरुवात केली आणि बघता बघता त्यांचा हात असा बसला की, अमेरिकेला घाम फुटला. टोकाई कंपनीने प्रिसिजनची जी नक्कल काढली तिचं नाव 'हार्ड पंचर'. आपल्याकडे हे नाव ठेवलं असतं तर लोकांनी आधी सायकलवाल्याकडे नेली असती. टोकाईची अक्षरंसुद्धा अशा वळणाची, की लांबून 'फेंडर' वाचलं जावं. आमचा पेंटर निदान चुकून चुकला होता! १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझ या जपानी नावाविरुद्ध फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला. कशावरून? गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून. तडजोड झाली, प्रकरण मिटलं. आणि आज काय होतंय? त्या काळातल्या जपानी गिटारी 'खटल्याच्या काळातल्या' म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. ज्या नकलेवर फिर्याद झाली, ती नक्कलच आता अस्सल!

पुढचा अंक तर याहून बहारीचा. १९८२ साली फेंडर कंपनीने ठरवलं की जपान्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याशीच भागीदारी करावी. 'फेंडर जपान' निघाली आणि माल मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात बनू लागला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मूळ कारखान्यानेही आपल्याच जुन्या मालाची नक्कल काढली: १९५७ ची प्रिसिजन, १९६२ ची प्रिसिजन आणि १९६२ ची जॅझ बेस. त्यासाठी त्यांना जुन्या गिटारी बाहेर शोधून त्यांची मापं घ्यावी लागली. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि हिला हाक मारली. म्हटलं, "अगं, आमच्या मिस्त्रींनी १९७६ साली वर्तमानपत्रावर जे केलं, ते खुद्द फेंडरने सहा वर्षांनी केलं!"

"मग त्यांनी पण चर्चमधून यायची वाट पाहिली का?" हिने विचारलं.

शेवटची पायरी १९९५ ची. तोवर नकला इतक्या चकचकीत झाल्या होत्या की लोकांना त्या खऱ्या वाटेनात. कीथ रिचर्ड्स यांनी 'जरा ठोकून-बडवून द्या' असं सांगितलं, अशी एक कथा प्रचलित आहे. तेव्हा फेंडरने मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या गिटारी काढल्या. त्यांना 'रेलिक' म्हणतात. आपल्या भाषेत, अवशेष. त्यात पुन्हा प्रती: कपाटात जपून ठेवलेली, रोज वाजवलेली, भरपूर झिजलेली. जितकी जास्त झीज, तितकी कारागिराची मेहनत जास्त. मी बँकेत अडतीस वर्षं झिजलो. पण त्याचा कुणी भत्ता दिला नाही.

आता मूळ प्रश्न. या नकला कानाला मुळाइतक्या चांगल्या लागतात का?

बाजू मांडणारे सांगतात, जुनं लाकूड वाळून हलकं होतं, नायट्रोसेल्युलोज लाखेचा पातळ थर पिकून तडकतो, चुंबकाचा जोर किंचित उतरतो आणि आवाजाला गोलाई येते. यात तथ्य असेलही. पण मला व्हायोलिनवाल्यांचा प्रयोग फार मोलाचा वाटला. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ कसलेल्या वादकांना बोलावलं. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे लावून त्यांच्या हाती सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी, तीन अठराव्या शतकातली. त्यांतली दोन स्ट्रॅडिव्हॅरियसची आणि एक ग्वार्नेरीची. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावलं होतं! निकाल? सर्वांत आवडलेलं व्हायोलिन नवं निघालं, आणि सर्वांत नावडतं एक स्ट्रॅडिव्हॅरियस. नवं कुठलं नि जुनं कुठलं, हे बहुतेकांना सांगता आलं नाही. तीनशे वर्षांच्या व्हायोलिनची ही कथा, तर साठ वर्षांच्या फळीचं काय घेऊन बसलात! त्यातून बेसचा आवाज तारेखालच्या चुंबकातून निघतो, यंत्रातून मोठा होतो आणि शेवटी ढोलाच्या आवाजात मिसळतो.

शिवाय एक गोष्ट मला कळली, तिने तर अस्सल-नकलेच्या वादाची हवाच काढून घेतली. अबिगेल यबारा नावाच्या एक बाई १९५६ साली फेंडरच्या कारखान्यात कामाला लागल्या. चुंबकाभोवती तार गुंडाळायचं काम. त्या २०१३ साली निवृत्त झाल्या. म्हणजे ज्या हातांनी पन्नास-साठच्या दशकांतली 'अस्सल' गुंडाळली, त्याच हातांनी पुढे तिच्या नकलाही गुंडाळल्या. लाकडाचंही तेच. जुन्या बेसच्या मानेवरची फळी ब्राझीलच्या शिसवाची; त्याच्या व्यापारावर १९९२ साली जागतिक बंदी आली. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे भारतीय शिसव वापरतात. म्हणजे आजीच्या पलंगाचे भाऊबंदच कॅलिफोर्नियाला पोचले!

तेव्हा मी भाच्याला निर्णय दिला. चांगली नक्कल कानाला मुळाच्या बरोबरीची आहे. पुष्कळदा सुरात आणि बांधणीत सरसच आहे. जुन्या गिटारीसाठी लोक दहा-दहा हजार डॉलर आणि वर मोजतात, ते आवाजाचे नव्हेत. मग कशाचे?

त्याचं उत्तर मला जेम्स जेमरसन यांच्याकडे मिळालं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांचा बेस या एका माणसाने, मुख्यतः उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवला. त्यांची १९६२ ची प्रिसिजन होती. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, असा त्यांचा नेम. मळानेच आवाज येतो म्हणत. जगाने त्यांच्या बेसवर ताल धरला, पण मोटाउनच्या वेष्टणांवर वादकांची नावं छापतच नसत. त्यांचं नाव पहिल्यांदा छापलं १९७१ साली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्याच्या थोडे दिवस आधी ती गिटार चोरीला गेली, ती अजून मिळालेली नाही. तशीच प्रिसिजन आज कुणीही घेऊ शकतो. तशा जाड तारा त्यांच्या नावाने बाजारात मिळतात. फक्त ते एक बोट मिळत नाही. लोक दाम मोजतात ते त्या बोटाचे. ओरखडा जर कुणी जगताना पडला असेल तर तो इतिहास. किल्ल्यांचा जुडगा घासून पाडला असेल तर तो रंगाचा पोपडा.

भाच्याला हे अर्धंच पटलं. तो म्हणाला, "मामा, जुन्या गिटारींच्या खऱ्या खुणा बाहेर नसतातच. मान उघडली की आत असतात." मग त्याने सांगितलं की, पन्नासच्या दशकात फेंडरमध्ये टाडेओ गोमेझ नावाचे कारागीर माना घासत. मानेच्या बुंध्याला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पेन्सिलीने तारीख आणि आपली 'टी. जी.' ही आद्याक्षरं लिहीत. आज ती दोन अक्षरं निघाली की गिटारीचा भाव चढतो. "म्हणून कुणी ती पेन्सिल पुसत नाही. धूळसुद्धा झाडत नाहीत. पुसली की किंमत गेली!"

"आपल्याही गिटारीची उघडून पाहू," तो म्हणाला.

ती माळ्यावरून काढायला आम्ही दोघं लागलो आणि उतरवायला शेजारी. जुन्या सतरंजीत गुंडाळलेली होती. तारा गंजल्या होत्या, 'फॅनडर' मधला 'डर' उडाला होता. भाच्याने ती मांडीवर घेतली, उलटी केली, चार स्क्रू काढले आणि मान उचलली. सागवानाच्या खाचेत, अठ्ठेचाळीस वर्षं उजेड न पाहिलेल्या लाकडावर, पेन्सिलीने तीन ओळी होत्या. अक्षर सुताराचं, चौकोनी. पहिल्या ओळीत मिस्त्रींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या ओळीत मुक्काम, पोस्ट, तालुका राजापूर, सन १९७६. आणि तिसऱ्या ओळीत:

'बाकी रु. ४०'.

भाचा आनंदाने ओरडला, "मामा, सही आहे! तारीख आहे!" मी काही बोललो नाही. चाळीस रुपये खजिनदाराने दिले असतील असं मला वाटत होतं. खजिनदाराला मी दिले असतील असं वाटत असणार. सहा जणांच्या मंडळात पैसे द्यायला नेहमी पाच जण असतात. गणपतीतल्या पहिल्या कार्यक्रमाला मिस्त्री आले होते. आम्ही त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, माइकवरून उल्लेख केला आणि नारळ दिला. ते नारळ घेऊन कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिले. आम्हाला वाटलं, माणसाला संगीताची केवढी आवड! ते कशासाठी बसले होते, हे आत्ता कळलं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. बँकेतली सवय. मुद्दल ४०, मुदत ४८ वर्षं, दर साल दर शेकडा ८, चक्रवाढ. एक हजार सहाशे आठ रुपये.

मिस्त्री हयात नसणार हे उघड होतं. बोळ तर राहिलाच नव्हता. तिथे आता टॉवर आहे आणि त्याच्या दारात देव्हारे नाहीत, पहारेकरी आहेत. पण पत्ता गिटारीतच होता. राजापूर शाखेत काम केलेला माझा एक जुना सहकारी होता. त्याने गावात चौकशी केली. मिस्त्रींचे चिरंजीव नालासोपाऱ्याला असतात आणि मॉड्युलर किचनची कामं घेतात, असं कळलं. एका रविवारी मी, भाचा आणि गिटार असे तिघे लोकलने गेलो. गिटारीला बसायला जागा मिळाली, आम्हाला नाही.

चिरंजीवही आता साठीचे. कानामागे पेन्सिल तीच. त्यांनी गिटार हातात घेतल्याबरोबर आधी वाजवली नाही, हुंगली. "सागवान," म्हणाले. मग खाचेतलं अक्षर बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. "बाबा सांगायचे," ते म्हणाले, "गिरगावात एक बाजा केला म्हणून. आम्हाला खोटं वाटायचं."

मी पाकीट पुढे केलं. हिशेब समजावून सांगितला, व्याजासकट. त्यांनी हात जोडले.

"साहेब, बाबांनी चाळीस लिहिलेत ना? मग चाळीस द्या. वरचे मी घेतले तर त्यांचा हिशेब चुकायचा."

मी दहाच्या चार नोटा दिल्या. त्यांनी त्या मोजल्या, कपाळाला लावल्या. मग कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि तिसऱ्या ओळीवर टेकवली.

"अहो, नको!" भाचा किंचाळला. "खोडू नका! तेच तर ओरिजिनल आहे!"

पण तोवर रेघ ओढून झाली होती. 'बाकी' वर एक आडवी रेघ, आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात एकच शब्द: 'पोचले'.

भाचा परतीच्या गाडीत हळहळत होता. किंमत गेली म्हणत होता. मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती आमची झाली होती.